तीन चाकांचा तोल

बिदर आणि कलबुर्गी या आमच्या सीमाभागातील जिल्ह्यांत कोणत्याही हमरस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहिले, तर तीन चाकांची किती रूपे दृष्टीस पडतात! हुमनाबादहून माणिकनगरला भाविकांना नेणारी रिक्षा, गाणगापूरच्या वाटेवरची यात्रेकरूंनी भरलेली रिक्षा, तुरीची पोती वाहणारा तीनचाकी टेम्पो आणि पायांनी अधू असलेल्या स्त्री-पुरुषांनी मोटारसायकलला मागे दोन चाके बसवून घेतलेली वाहने. या शेवटच्या प्रकाराच्या मालकांशी चार शब्द बोलले की एक तक्रार बहुधा कानी येते. गाडी एका अंगाला झुकते आणि त्याच अंगाला ओढते. या तक्रारीवर रस्त्याकाठच्या दुकानात होणारा उपायही बहुधा ठरलेला असतो. हँडल आवळून दिले जाते, पैसे घेतले जातात आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा ओढू लागते.

या सामान्य वाटणाऱ्या तक्रारीचा छडा लावताना आमच्या घरी जे घडले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. ज्यांच्या घरी असे वाहन आहे त्यांना त्याचा थेट उपयोग होईल. ज्यांच्या घरी ते नाही, त्यांच्या शेजारी किंवा नात्यात ते असण्याचा संभव आहे.

आमची मामेबहीण भालकीत राहते आणि तेथून चौदा किलोमीटरवरच्या एका खेड्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय लुळा पडला. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. आज जन्मणाऱ्या बालकांना हे दुखणे ठाऊक असणार नाही. परंतु त्याआधीच्या पिढीतील हजारो माणसे तो पाय घेऊनच आयुष्य चालवीत आहेत, आणि त्यांच्यासाठी असे वाहन म्हणजे चैन नव्हे. एस.टी.च्या पायऱ्या चढणे आमच्या बहिणीला कठीण जाई. शाळेच्या वेळेला जुळणारी बसही नव्हती. म्हणून तिने २०१९ साली एक मोटारसायकल घेतली. तिचे मागचे चाक काढवून त्या जागी आडवा आस आणि दोन चाके बसवून घेतली. डाव्या पायाने टाकायचे गिअर हाताने टाकता यावेत अशी दांडीही लावून घेतली. परिवहन कार्यालयात रीतसर नोंद झाली आणि बाई स्वतःच्या गाडीने शाळेत जाऊ लागल्या.

पहिली दोन-तीन वर्षे गाडी बरी चालली. २०२२ च्या दिवाळीनंतर मात्र तिचा उजवा खांदा दुखू लागला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, मलम दिले. काही दिवसांनी ती सहज म्हणाली, "दादा, गाडी सरळ न्यायची तर हँडल सारखे उजवीकडे दाबून धरावे लागते. हात जरा सैल सोडला की ती डावीकडे निघते." मागून पाहणाऱ्यांनाही गाडी डाव्या अंगाला कललेली दिसे. दुकानात तिने तीनदा दाखविली. "हँडलच टाईट करना पडता, बाई," असे आमच्याकडच्या खास दखनी बोलीत सांगून मिस्त्रीने तिन्ही वेळा हँडल आवळून दिले. तिसऱ्या खेपेस त्याने मागच्या दोन्ही स्प्रिंगा नव्या घालाव्या लागतील असेही सुचविले.

जानेवारीत उसाचा हंगाम ऐन भरात होता. समोरून उसाची ट्रॉली येताना पाहून तिने ॲक्सिलरेटर एकदम सोडला आणि गाडी झटक्यासरशी डावीकडे, रस्त्याखालच्या मातीत उतरली. जमीन कोरडी होती, चिखल नव्हता, म्हणून गाडी कलंडली नाही. त्या रात्री मामींनी आम्हांला निरोप धाडला. आमची उभी हयात रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर म्हणून गेली, हे त्यांच्या मनात असावे. "तू एवढे रस्ते केलेस, माझ्या लेकीची गाडी सरळ होते का ते बघ. नाहीतर ती नोकरी सोडते म्हणते," एवढेच त्या म्हणाल्या. नोकरी सुटली असती तर घरचा आधार गेला असता आणि त्या शाळेतील गणितही बंद पडले असते, कारण तो विषय शिकविणारे दुसरे कोणी तेथे नव्हते.

आम्ही यंत्रज्ञ नव्हे. परंतु रस्त्याच्या कामात एक शिस्त अंगवळणी पडली होती, ती म्हणजे आधी मोजायचे आणि मग खोदायचे. तीच येथे लावायचे ठरविले.

मोजमापाकडे वळण्यापूर्वी तीन चाकांच्या स्वभावाविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. जर्मनीच्या कार्ल बेंझ याने ज्या मोटारगाडीचे पेटंट २९ जानेवारी १८८६ रोजी मागितले, ती तीन चाकांचीच होती. पुढची दोन चाके एकाच वेळी नीट वळविण्याची युक्ती त्याला तोवर समाधानकारक साधली नव्हती, म्हणून त्याने पुढे एकच चाक ठेवले. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतील पियाजिओ कंपनीने स्कूटरच्या घडणीवरून १९४८ साली मालवाहू तीनचाकी आणली. पुण्याच्या बजाज कंपनीला दुचाकी व तीनचाकी बनविण्याचा परवाना १९५९ साली मिळाला, आणि तेथून रिक्षा आपल्या गावोगाव पोहोचली. दिल्लीत तर युद्धात वापरलेल्या अमेरिकन मोटारसायकलींना मागे दोन चाके आणि बाके जोडून केलेल्या 'फटफटी' कित्येक दशके उतारू वाहत होत्या. प्रदूषणाच्या कारणावरून १९९८ साली त्या बंद झाल्या.

या सर्व वाहनांत आणि दुचाकीत एक मूलभूत भेद आहे. दुचाकी वळताना वळणाच्या आत झुकते, आणि त्या झुकण्यातच तिचा तोल असतो. तीनचाकी झुकत नाही, झुकता कामाही नये. ती उभ्या स्थितीतच वळते, आणि वेग अधिक झाला तर वळणाच्या बाहेरच्या बाजूला उलटू पाहते. म्हणून दुचाकीचे झुकणे हा तिचा गुण असला, तरी तीनचाकी सपाट जागी उभी असताना झुकलेली दिसली की काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट म्हणजे झुकणे आणि ओढणे या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. झुकणे गाडी उभी असताना दिसते, ओढणे ती चालताना जाणवते. त्यांचे कारण कधी एकच असते, कधी भिन्न असते. त्या दोहोंची गल्लत केल्यामुळेच हँडल आवळण्याचा उपाय पुन्हा पुन्हा होत राहतो. आम्ही पहिल्या दिवशी फक्त झुकणे पाहिले. इंजिन सुरूच केले नाही.

मामींच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. फरशी सपाट, म्हणजे अंगण सपाट, असे आपण गृहीत धरतो. गाडीच्या मागे उभे राहून आम्ही चौकटीच्या वरच्या टोकापासून गवंड्याचा ओळंबा सोडला. साठ सेंटिमीटरच्या उंचीत चौकट डावीकडे दोन सेंटिमीटर कललेली भरली. ताबडतोब स्प्रिंगांवर खापर फोडण्याचा मोह झाला. परंतु पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी पातळी पाहतात, तशी आम्ही अंगणाची पातळी पाहिली. दोन्ही मागच्या चाकांमधील अंतर नव्वद सेंटिमीटर होते, आणि तेवढ्यातच अंगण डावीकडे दीड सेंटिमीटर उतरते असे आढळले. पावसाचे पाणी तुळशीच्या आळ्याकडे वाहून जावे म्हणून गवंड्याने मुद्दाम उतार दिला होता! जे झुकणे आम्ही गाडीचे समजत होतो, त्यातील निम्मे अंगणाचे होते.

डाव्या चाकाखाली तेवढ्या जाडीची फळी सरकवून पातळी साधली, तेव्हा ओळंबा एक सेंटिमीटरच सरकलेला दिसला. हे उरलेले एक सेंटिमीटर गाडीचे स्वतःचे होते. ते कोठून आले, हे सोप्याकडून अवघडाकडे जात पाहायचे होते.

आधी हवा पाहिली. मापकाने मोजता डाव्या चाकात उजव्यापेक्षा कमी हवा निघाली. ती सारखी केली, दोन्ही टायर एकाच मापाचे व सारखेच झिजलेले आहेत याची खात्री केली, तेव्हा झुकणे किंचित कमी झाले. मग सामान पाहिले. कुबडी अडकविण्याची कडी, वह्यांची पिशवी, हत्यारांची डबी असे सारे डाव्या अंगाला होते. ते उतरविल्यावर ओळंबा आणखी थोडा आत आला, परंतु सात-आठ मिलिमीटर काही हटेनात.

आता पाळी स्प्रिंगांची होती. नव्या स्प्रिंगा विकत घेण्यापूर्वी एक बिनखर्चाची परीक्षा करता येते. डाव्या बाजूची स्प्रिंग उजवीकडे आणि उजवीची डावीकडे बसवावी. स्प्रिंग थकलेली असेल, तर झुकणेही तिच्याबरोबर दुसऱ्या बाजूला जाईल. झुकणे जागचे हलले नाही, तर स्प्रिंग निर्दोष आहे. ही अदलाबदलीची परीक्षा चाकांना, टायरांना, कोणत्याही जोडीच्या भागाला लागू पडते. आम्ही स्प्रिंगा बदलल्या, आणि गाडी होती तशीच डावीकडे झुकलेली राहिली. नव्या स्प्रिंगांचे पैसे वाचले. शिवाय दोष चौकटीत किंवा आसाच्या जोडणीत आहे, एवढे निश्चित झाले.

दुसऱ्या दिवशी ओढण्याची चौकशी आरंभली. गाडी ओढते तेव्हा तिला चार प्रश्न विचारावेत. इंजिनाचा जोर वाढविला वा सोडला तर ओढ बदलते काय? ब्रेक लावला तरच ओढते काय? रस्त्याची बाजू बदलली तर ओढ बदलते काय? आणि यांपैकी काहीही केले तरी ओढ तशीच राहते काय? पहिल्याचे उत्तर होय असेल तर कारण इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचविण्याच्या व्यवस्थेत शोधावे. दुसऱ्याचे होय असेल तर ब्रेकमध्ये, तिसऱ्याचे होय असेल तर रस्त्यात. चौथ्याचे होय असेल तर ते चाकांच्या मांडणीत असते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्या बहिणीने परीक्षेआधीच देऊन ठेवले होते. जोर दिला की ओढ कमी भासे, सोडला की एकदम वाढे. "म्हणून मी हल्ली वेग कमीच करत नाही," असे ती म्हणाली, तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. ओढ टाळण्यासाठी ती नकळत अधिक वेगाने गाडी हाकू लागली होती.

याचे कारण तिच्या गाडीच्या घडणीत होते. वळताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर तोडते. दोन्ही चाके आसाला घट्ट जखडली तर एकाला घसटत जावे लागते. इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७७ साली तीनचाकी सायकलीला डिफरन्शियल बसवून ही अडचण दूर केली. डिफरन्शियल ही दोन्ही चाकांना जोर देऊनही त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दात्यांची रचना होय, आणि आपल्या रिक्षांतही ती असते. परंतु मोटारसायकलच्या तीनचाकीत खर्च वाचविण्यासाठी पुष्कळदा सोपी वाट धरतात. एकच चाक आसाला जखडतात आणि दुसरे मोकळे फिरू देतात. बहिणीच्या गाडीत डावे चाक जखडलेले होते. डाव्या चाकाने जोर केला की गाडी उजवीकडे ढकलली जाते. जोर सोडला की इंजिन त्याच चाकाला मागे खेचते आणि गाडी डावीकडे फिरते. एका बाजूनेच वल्हे मारणाऱ्या नावेसारखा हा प्रकार आहे. हा त्या घडणीचा स्वभाव आहे, त्याला बिघाड म्हणता येत नाही. तो चालविणाऱ्याला सांगितला मात्र पाहिजे. तो कोणीही तिला सांगितला नव्हता.

ब्रेकची परीक्षा सोपी होती. दोन-तीन किलोमीटर ब्रेक न लावता गाडी चालवून आणली आणि दोन्ही चाकांच्या ड्रमजवळ हाताची मागची बाजू नेऊन ऊब पाहिली. ब्रेक घासत असेल तर त्या बाजूचा ड्रम तापलेला लागतो. दोन्ही सारखेच गार होते.

तिसरा प्रश्न आमच्या स्वतःच्या व्यवसायाचा होता. पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता ठेवतात. हा उतार साधारणपणे शंभराला दोन ते अडीच असतो. सात मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य अडीच टक्क्यांच्या हिशेबाने कडेपेक्षा पावणेनऊ सेंटिमीटर उंच येतो. नव्वद सेंटिमीटर अंतराच्या दोन चाकांपैकी डावे चाक उजव्यापेक्षा सव्वादोन सेंटिमीटर खाली धावते. त्यातून आमच्याकडची जमीन! बिदर शहर जांभ्याच्या पठारावर आहे. परंतु मांजरेच्या आणि कारंजाच्या खोऱ्यांत उतरले की काळी माती लागते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि रस्त्याच्या कडा खाली बसवते. कागदावर अडीच टक्के असलेला उतार काही वर्षांत कितीतरी वाढतो. ज्या देशात डावीकडून गाडी हाकतात, तेथे प्रत्येक तीनचाकी अशा रस्त्यावर थोडी डावीकडे ओढणारच. हादेखील दोष म्हणता येत नाही.

झुकण्याने ओढ कशी उत्पन्न होते, हे घरच्या सायकलवर पाहता येते. सायकल खोगिराला धरून उभी करावी आणि डावीकडे कलती करावी. हँडलला हात न लावता पुढचे चाक आपोआप डावीकडे वळते. तीनचाकीचे पुढचे चाकही तसेच वागते. गाडी ज्या अंगाला झुकते त्या अंगाला ते आपल्याच भाराने वळू पाहते आणि चालविणाऱ्याच्या हातांना सतत विरोध करावा लागतो. बहिणीचा खांदा दुखत होता तो यामुळे.

आता चौथा प्रश्न राहिला. पहाटे, रहदारी सुरू होण्यापूर्वी, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या डांबरी आवारात आम्ही गाडी नेली. तेथील जमीन पाण्याच्या नळीने पारखून घेतली होती. अशी परीक्षा रहदारीच्या रस्त्यावर कोणीही करू नये, हे आग्रहाने सांगतो. मंद वेग आल्यावर बहिणीने क्लच दाबला. इंजिनाचा जोर नाही, ब्रेक नाही, रस्त्याचा उतार नाही. तरीही हँडल सरळ धरताच गाडी डावीकडे वळली. दोनदा, तीनदा, प्रत्येक वेळी डावीकडेच. स्वभावाची सारी कारणे दूर केल्यावरही जे उरले, तो खरा दोष होता.

चाकांच्या मांडणीचा दोष पाहण्यास एक दोरी पुरते. पुढचे चाक सरळ ठेवावे. त्याच्या आसाच्या मध्यबिंदूच्या ओळीत जमिनीवर खूण करावी, मागच्या दोन्ही चाकांच्या आसांखाली ओळंबा सोडून खुणा कराव्यात. पुढच्या खुणेपासून मागच्या दोन्ही खुणांपर्यंतची अंतरे सारखी असली पाहिजेत. आमची बहीण गणिताची शिक्षिका. "म्हणजे समद्विभुज त्रिकोण व्हायला पाहिजे," ती म्हणाली आणि खडू स्वतःच्या हाती घेतला. ताण न घेणारी सुतळी लावून मोजले. डावी भुजा उजवीपेक्षा तेरा मिलिमीटर आखूड भरली. पुन्हा मोजले, तेवढीच.

तेरा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या रुंदीइतकेच. परंतु तिने तेथेच वहीत हिशेब मांडला. चाकांमधील अंतर नव्वद सेंटिमीटर धरता मागचा आस जेमतेम एक अंशाने तिरपा होतो. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर एकशे तीस सेंटिमीटर. हँडल अगदी सरळ धरले, तर एवढ्या तिरपेपणामुळे गाडी सुमारे पंच्याऐंशी मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरेल आणि वीस मीटर जाईतो जवळजवळ अडीच मीटर डावीकडे सरकलेली असेल. ज्या बाजूचे अंतर आखूड, त्या बाजूला गाडी वळते, हा नियम लक्षात ठेवावा.

आस तिरपा का झाला, हे आता हुडकायचे होते. गाडी जॅकवर भक्कम टेकवून, खाली दगड लावून, आम्ही आसाच्या बेअरिंगच्या दोन्ही पेट्या पाहिल्या. पेट्या ज्या लोखंडी पट्ट्यांना बसविल्या होत्या, त्या पट्ट्या चौकटीला वेल्डिंगने जोडलेल्या होत्या. डावी पट्टी वरकरणी ठीक दिसत होती. चिखल खरवडून, धुऊन, त्यावर रॉकेल लावले आणि थोड्या वेळाने कोरडे पुसून खडूची पूड चोपडली. लोखंडाला बारीक तडा असेल तर त्यात मुरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. पाच मिनिटांत वेल्डिंगच्या कडेने बोटाएवढी लांब काळसर रेघ उमटली.

मामी पदर तोंडाला लावून पाहत होत्या. कोणी काही बोलले नाही.

कारण आता स्पष्ट झाले. मोटारसायकलची साखळी डाव्या अंगाला असते. प्रत्येक वेळी जोर देताना साखळी आसाला पुढे खेचते, आणि तो सारा ताण डाव्या पट्टीच्या वेल्डिंगवर येतो. हजारो हिसक्यांनी तेथे तडा गेला. तड्यामुळे पट्टी वाकली आणि आसाचे डावे टोक थोडे पुढे व थोडे वर सरकले. पुढे सरकल्याने गाडी डावीकडे वळू लागली, वर सरकल्याने ती डावीकडे झुकू लागली. दोन्ही तक्रारींचे मूळ या एका रेघेत होते. ती वाढत जाऊन पट्टी चालत्या गाडीत सुटली असती, तर काय झाले असते याचा विचार न केलेला बरा. तीन वेळा हँडल आवळले गेले, तेव्हा हा तडा वाढतच होता.

मूळ जोडणी ज्याने केली त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. अशी कामे अनेक ठिकाणी अशीच होतात. केवळ तड्यावर पुन्हा वेल्डिंग मारून भागणार नव्हते. तसे केले असते तर आस तिरपाच राहिला असता आणि ताण पूर्ववत त्याच जागी आला असता. गाडी टेम्पोत घालून आम्ही कलबुर्गीला, म्हणजे २०१४ पर्यंतच्या गुलबर्ग्याला, एका अनुभवी लेथवाल्याकडे नेली. त्याने दोन्ही पट्ट्या जाड पत्र्याच्या नव्या केल्या आणि प्रत्येकीला चौकटीशी तिरका आधार दिला. आस बसविताना सुतळीने दोन्ही भुजा सारख्या करून मगच वेल्डिंग केले. तडा नसलेली उजवी पट्टीही त्याने बदलली. "एकच बदलली तर दुसरीवर भार येतो," एवढेच तो म्हणाला.

गाडी परत आल्यावर त्याच आवारात, त्याच पहाटेच्या वेळी, पुन्हा क्लच दाबून पाहिले. गाडी सरळ गेली. ओळंबा चौकटीच्या मध्यरेषेवर आला. हमरस्त्यावर ती अजूनही थोडी डावीकडे ओढते आणि जोर सोडला की किंचित फिरते. तो तिचा आणि रस्त्याचा स्वभाव आहे, हे आता बहिणीला ठाऊक आहे. ॲक्सिलरेटर ती हळूहळू सोडते, वळणापूर्वीच वेग कमी करते आणि वळणात ब्रेक लावीत नाही. खांद्याचे दुखणे उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती वेळेवर हजर होती.

ज्यांच्या घरी असे वाहन आहे त्यांच्यासाठी आणखी दोन शब्द. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ घडणीत मालकाला मन मानेल तसा बदल करता येत नाही. दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी वाहन अनुरूप करून घेण्याची तरतूद आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती अधिक स्पष्ट झाली आहे. परंतु तीही नियमांच्या अधीन राहून, परिवहन कार्यालयातील नोंदीसह. ही नोंद आणि विमा यांत मेळ नसेल तर अपघातानंतर भरपाईच्या वेळी अडचण येऊ शकते. म्हणून मोठी दुरुस्ती करण्यापूर्वी कागदपत्रे पाहावीत आणि शंका असल्यास कार्यालयात विचारून घ्यावे.

नित्याची तपासणी मात्र घरचे कोणीही करू शकते. आठवड्यातून एकदा दोन्ही चाकांची हवा. महिन्यातून एकदा पातळी पाहिलेल्या जागी ओळंबा आणि सुतळी. वेल्डिंगच्या जागा धुऊन डोळ्यांखालून घालणे, आणि शंका आली तर रॉकेल व खडूची पूड. मापे वहीत तारखेसह लिहून ठेवावीत. एका दिवसाचे माप फारसे बोलत नाही. चार महिन्यांची मापे शेजारी शेजारी ठेवली की गाडी कोणत्या अंगाला चालली आहे ते दिसते.

मामींच्या ओसरीवर आता खुंटीला ओळंबा आणि सुतळीचे रीळ टांगलेले असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डाव्या चाकाखाली दीड सेंटिमीटरची फळी सरकवली जाते, मामी सुतळीचे एक टोक धरतात आणि बहीण दुसऱ्या टोकाशी वाकून माप वाचते. गेल्या खेपेस आम्ही तेथे होतो. दोन्ही भुजांत एका मिलिमीटरचा फरक निघाला. "हा मोजण्यातला असेल," आम्ही म्हणालो. तिने मान हलविली, सुतळी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.